आदिवासी मुलामुलींच्या शिक्षणाला मुंबईत राहून हातभार लावायचाय? मग आधी हे वाचा

जून उजाडला की आमच्या ग्रुपवर मेसेज सुरू होतात, कुणाला तरी एका आदिवासी मुलाची नाहीतर मुलीची फी भरायची असते, "वर्षाची फी किती ते सांगा, लगेच जीपे करतो". भावना एकदम चांगली आहे आणि मुंबईत अशी माणसं खूप आहेत, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण पालघर-ठाण्याकडच्या वारली, कातकरी, ठाकूर, कोकणा, मल्हार कोळी घरांतली पोरं शाळा-कॉलेज सोडतात ती बऱ्याचदा फीमुळे नाही सोडत. फी निदान कागदावर तरी सरकार भरतं. पोरं गळतात ती ते पैसे येईपर्यंतच्या मधल्या महिन्यांत, एसटीच्या भाड्यापायी, रूमच्या डिपॉझिटपायी, एखाद्या दाखल्यापायी. म्हणजे रक्कम छोटी असते पण ती वेळेवर लागते आणि शेवटपर्यंत लागते, आणि नेमकं तेच देणारं कुणी नसतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

आधी काय फुकट मिळतं ते बघा

आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायदा आहेच. त्याशिवाय आदिवासी विकास विभागाच्या शासकीय आणि अनुदानित आश्रमशाळा आहेत, तिथे राहणं, जेवण, शिक्षण सगळं मोफत, बऱ्याच ठिकाणी दहावीपर्यंत आणि काही ठिकाणी बारावीपर्यंत. दहावीनंतर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत पाहिजे, फॉर्म महाडीबीटी पोर्टलवर भरायचा, त्यात ट्यूशन फी, परीक्षा फी आणि महिन्याला थोडा निर्वाहभत्ता येतो. शिकायला बाहेरगावी जाणाऱ्यांसाठी आदिवासी विभागाची सरकारी वसतिगृहं आहेत. तिथे नंबर नाही लागला तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना, त्यात मुंबई-ठाण्यासारख्या मोठ्या शहरात शिकणाऱ्याला राहणं, जेवण आणि इतर खर्च मिळून वर्षाला ६०,००० रुपये थेट खात्यात जमा होतात. फक्त एक अट, ज्या शहरात कॉलेज आहे तिथलाच रहिवासी असेल तर स्वयंम मिळत नाही. आरेतल्या पाड्यांवरची पोरं मुंबईतच शिकतात त्यामुळे ती यातून बाहेर राहतात, हे लक्षात ठेवा, पुढे त्यांच्याकडे परत येते.

एसटीचंही बघा, ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळा-कॉलेजला जायचा पास मोफत आहे, आणि मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे.

आता मला जे कळकळीने सांगायचंय ते हे की जे हक्काने मिळतंय ते आपण खिशातून भरू नका. कळवळ्याने आपण पूर्ण फी भरून टाकतो, मग शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा राहतो, शिष्यवृत्ती दरवर्षी रिन्यू करावी लागते ते कुणाच्या डोक्यातच येत नाही, आणि दुसऱ्या वर्षी आपल्याकडे काही अडचण आली, नोकरी गेली, घरी आजारपण आलं, की त्या मुलीच्या हातात काहीच उरत नाही. सरकारी पैसा आधी मिळवून द्यायचा आणि तो जिथे पोचत नाही तिथे आपला घालायचा.

तो कुठे कुठे पोचत नाही? प्रवेश परीक्षेचे फॉर्म. परीक्षेचं सेंटर लांब आलं तर आदल्या दिवशी जाऊन राहण्याचा खर्च. कॉलेजवाले ॲडमिशनच्या दिवशी मागतात ती "बाकीची" फी, जिची पावती वेगळी असते. नर्सिंगचा युनिफॉर्म, पांढरे बूट, घड्याळ. आयटीआयला लागलेल्याला टूलकिट. मेसवाल्याचा ॲडव्हान्स. रूमचं डिपॉझिट. मोबाइलचा रिचार्ज, कारण आता नोट्स, असाइनमेंट, हॉल तिकीट सगळं फोनवर. आणि झेरॉक्स, याला हसू नका, एका ॲडमिशनला जितक्या प्रती लागतात तितक्यात घरातल्या एका माणसाची दिवसाची मजुरी जाते. शिष्यवृत्तीचा हप्ता येईपर्यंत कधी कधी वर्ष सरत येतं, आणि मेसवाला काही वर्षभर थांबत नाही.

कोणाला, आणि शोधायचं कुठे

मुंबईकराने लगेच जव्हार-मोखाड्याकडे धावायची गरज नाही. आरे कॉलनीत आणि बोरिवलीच्या नॅशनल पार्कात आदिवासी पाडे आहेत, आरेत गोरेगाव स्टेशनवरून बस-रिक्षाने जाता येतं. तिथल्या पोरांना शाळा-कॉलेज जवळ आहे पण स्वयंम नाही, आणि घर लहान, अभ्यासाला जागा नाही, शिवाय कॉलेज सांभाळून कामाला जावं लागतं. अशा एखाद्या मुलाला महिन्याचा लोकलचा पास, अभ्यासिकेची फी आणि थोडा हातखर्च दिला तरी त्याची पार्टटाइम नोकरी सुटते आणि संध्याकाळ अभ्यासाला मिळते.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, त्यातले डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाडा हे तालुके बहुतांश आदिवासी. डहाणूपर्यंत लोकल २०१३ पासून जाते, त्यामुळे तिकडच्या पोरांना निदान रेल्वे आहे. जव्हार, मोखाडा, विक्रमगडला रेल्वे नाही, सगळी मदार एसटी आणि जीपवर. मोखाड्यातल्या खोडाळ्याकडे जायचं तर कसारा लोकल पकडून पुढे रस्त्याने. एकदा तरी स्वतः जाऊन या, ते अंतर पायाखालून गेलं की मग "शनिवारी घरी का नाही जात ती" असे प्रश्न आपण विचारत नाही.

मूल शोधायचं ते आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांकडून, वसतिगृहाच्या गृहपालांकडून, झेडपीच्या गुरुजींकडून, अंगणवाडी ताईंकडून, नाहीतर त्या भागात वर्षानुवर्षं काम करणाऱ्या संस्थेकडून. या लोकांना घरची परिस्थिती माहीत असते. त्यांना विचारताना "सगळ्यात हुशार कोण" असं विचारू नका. पहिल्या आलेल्याला कुणी ना कुणी विचारतंच, पेपरात फोटो येतो, सत्कार होतो. "पास होईल पण पुढे जाणार नाही असं वाटणारं कोण आहे" असं विचारा. पन्नास-पंचावन्न टक्क्यांवाली मुलगी, जिची मोठी बहीण दहावीनंतर घरी बसली, ती. आणि कातकरी घरातलं कुणी असेल तर त्याचा विचार आधी करा. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित म्हणून नोंदलेल्या आहेत, कातकऱ्यांतली बरीच कुटुंबं भूमिहीन आहेत, आणि बारावीपर्यंत पोचलेलं मूल तिथे फार कमी दिसतं.

कागदपत्रं, इथेच खरी लढाई

हा भाग कंटाळवाणा वाटेल पण मी म्हणेन पैशाच्या आधी हेच हातात घ्या. लागणारे दाखले असे: जातीचा दाखला, तो प्रांत ऑफिसमधून मिळतो. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा. डोमिसाइल. आधार, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला. सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून अर्ज होतात. अनुसूचित जमातीला नॉन क्रीमीलेअर लागत नाही, कुणी मागितलं तर तसं स्पष्ट सांगा.

आणि सगळ्यात मोठा डोंगर म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, सगळे नुसतं "व्हॅलिडिटी" म्हणतात. प्रोफेशनल कोर्सला राखीव जागेवर ॲडमिशन घ्यायची तर हे लागतंच, आणि ते आदिवासी विभागाच्या पडताळणी समितीकडून मिळतं. जुने पुरावे लागतात, ६ सप्टेंबर १९५० च्या आधीपासून कुटुंब महाराष्ट्रात आहे आणि त्याच जमातीचं आहे हे दिसलं पाहिजे. आता विचार करा, ज्या आजोबांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही, ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्यांचा १९५० आधीचा कागद आणायचा कुठून. इथे कामाला येतं ते कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदींचं जुनं रजिस्टर, गाव नमुना १४. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात ते असतं, पानं इतकी जीर्ण असतात की हात लावला तर कडा गळतात, काही ठिकाणी मोडी अक्षर, आणि त्यात पणजोबांच्या नावापुढे "वारली" किंवा "काथोडी" (म्हणजे कातकरी) एवढा एक शब्द सापडला की केस उभी राहते. नक्कल मिळण्यासाठी अर्ज करायचा, आणि तो अर्ज पुढे सरकेपर्यंत कुणीतरी मागे लागायचं. दिवसाची मजुरी बुडवून बाप तालुक्याला किती वेळा जाणार? त्याचं गाडीभाडं आणि बुडालेला रोज आपण दिला तर तीसुद्धा शिक्षणाचीच स्पॉन्सरशिप आहे असं मी मानते.

बापाकडच्या रक्ताच्या नात्यात, म्हणजे काका, आत्या, चुलत भाऊ, यातल्या कुणाकडे आधीच व्हॅलिडिटी असेल तर काम खूप सोपं होतं, ते सगळ्यात आधी विचारा. समिती कधी कधी जमातीच्या चालीरीती, देव, लग्नविधी यावर प्रश्न विचारते, त्याला आप्तभाव चाचणी म्हणतात. शहरात वाढलेल्या पोराला ती उत्तरं येत नाहीत, तर घाबरू नका, ही चाचणी काही अंतिम कसोटी नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्याच ठाकूर जमातीच्या प्रकरणात स्पष्ट केलंय, जुने कागद भक्कम असतील तर त्यांना वजन आहे. अर्ज अकरावीतच टाकायचा. बारावीचा रिझल्ट लागल्यावर धावाधाव केली तर ते वर्ष गेलंच म्हणून समजा.

दुसरी कटकट नावांची. आधारवर "सुनिता", मार्कशीटवर "सुनीता", बँकेत वडिलांचं नाव वेगळंच. जन्मतारीख अर्ध्या वर्गाची १ जून, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच लिहिली. पोर्टल असल्या फरकावर फॉर्म परत पाठवतं. म्हणून दहावीच्या आधीच सगळे कागद समोर पसरून एकेक अक्षर जुळवून घ्या.

तिसरं, बँक. डीबीटीचा, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारा पैसा तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात जाईलच असं नाही, आधारशी शेवटचं सीड झालेलं, म्हणजे जोडलेलं जे खातं असेल त्यात जातो. सिमकार्ड घेताना नकळत उघडलेलं एखादं पेमेंट बँकेचं खातं असतं आणि शिष्यवृत्ती तिकडे जाऊन पडते, पोरगी इकडे पासबुक भरून भरून थकते. मायआधार साइटवर बँक सीडिंग स्टेटस दिसतं, दोन मिनिटांचं काम आहे, दर वर्षी फॉर्म भरायच्या आधी बघून घ्या. हे काम मुंबईत ऑफिसच्या लंच टाइममध्येसुद्धा होतं, तिच्याशी फोनवर बोलत, ओटीपी तिनेच टाकायचा. तिचे पासवर्ड आपल्याकडे घेऊन ठेवू नका, तिला शिकवा.

पैसे कसे द्यायचे

संस्थेमार्फत द्यायचे असतील तर आधी संस्था बघा. ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे का, मुंबईचं ऑफिस वरळीला आहे. ऑडिट रिपोर्ट मागा, चांगली संस्था लगेच देते, उलट त्यांना बरं वाटतं कुणी विचारलं की. ८०जी असेल तर तुम्हाला टॅक्समध्ये वजावट मिळते, पण जुनी करप्रणाली निवडली असेल तरच, आणि २,००० च्या वरची कॅश देणगी त्यात धरत नाहीत. संस्थेकडून देणगीचं १०बीई सर्टिफिकेट घ्यायला विसरू नका. तुमचा भाऊ किंवा भाची परदेशातून पाठवणार असेल तर पासपोर्ट भारतीय आहे का बघा, परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची देणगी ओसीआय कार्ड असलं तरी परदेशी निधीत मोडते आणि ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए नोंदणी लागते.

मी संस्थेला एकच प्रश्न हमखास विचारते, अकरावीला तुमच्याकडे असलेल्या पोरांपैकी कोर्स पूर्ण किती जणांनी केला, आणि ज्यांनी नाही केला त्यांचं पुढे काय झालं. ज्यांच्याकडे दुसऱ्या भागाचं उत्तर तयार असतं ती माणसं खरोखर पोरांच्या संपर्कात असतात.

थेट द्यायचे असतील तर फी असेल ती कॉलेजच्या खात्यात, आणि महिन्याचे पैसे मुलाच्या किंवा मुलीच्या स्वतःच्या खात्यात, ठरलेल्या तारखेला. ठरलेली तारीख हा शब्द मनावर घ्या. एकदम दहा हजार दिले तर घरात कुणी आजारी असतं, कुणाचं लग्न असतं, कर्ज असतं, ते पैसे तिकडे जातात आणि त्यात काही चूक नाही, कुणाच्याही घरात असंच होईल. तेच महिन्याला हजार-दीड हजार पाच तारखेला येत राहिले तर मेस चालू राहते. बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावून टाका. मधल्या माणसाच्या खात्यातून पाठवू नका, मग तो गावचा कितीही मोठा पुढारी असो. थेट दिलेल्या मदतीला ८०जी मिळत नाही. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळून ५०,००० च्या वर रक्कम आली तर ती घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते, म्हणून तीन-चार जण मिळून देत असाल तर एकूण बेरीज बघत जा.

एकट्याने करण्यापेक्षा चार-पाच जणांनी करा. आपल्याकडे ऑफिसात, चाळीत, सोसायटीत भिशी चालतेच, तशीच एक, फक्त नंबर कुणाचा लागायचा नाही, एकाने हिशोब ठेवायचा, एकाने फोनवर बोलायचं, एकाने पोर्टलचं बघायचं. एक जण मधेच बाहेर पडला तरी मुलीचं शिक्षण थांबत नाही. आणि कबूल करताना कोर्सची पूर्ण वर्षं अधिक एक असं धरा. नर्सिंगचं जीएनएम तीन वर्षांचं असेल तर चार वर्षं. एखादा विषय राहतो, रिझल्टनंतर नोकरी लागेपर्यंत महिने जातात, त्या काळात हात सोडला तर आधीचं सगळं पाण्यात. तेवढं जमणार नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, एखाद्या आश्रमशाळेतल्या बारावीच्या वर्गाचे सगळे सीईटीचे फॉर्म भरा, ते एका वर्षात पूर्ण होणारं काम आहे आणि फार मोलाचं आहे.

कोर्स कोणता, हे ठरवणारे आपण नाही. शहरातली माणसं लगेच इंजिनीअरिंग, यूपीएससी सुरू करतात. मुलाला काय करायचंय ते ऐका, मग पर्याय समोर ठेवा. आयटीआय इलेक्ट्रिशियन-फिटर दोन वर्षं, तारापूर-बोईसरची एमआयडीसी तिथेच आहे. नर्सिंगचे एएनएम, जीएनएम. शिक्षक व्हायला डीएलएड. गावाकडे आरोग्यसेविका, शिक्षक, तलाठी अशा जागा निघतात आणि तिकडची भाषा येणारी माणसं तिथे खरंच हवीत, दवाखान्यात वारली बोलणारी नर्स असेल तर बाळंतपणाला आलेली बाई मोकळेपणी बोलते. पण एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा, नर्सिंगच्या नावाखाली सहा महिन्यांचे बोगस कोर्स खूप झालेत, पैसे घेतात, सर्टिफिकेट देतात, आणि त्यावर कुठेच नोंदणी होत नाही. कॉलेजचं नाव महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या यादीत आहे का, आयटीआय असेल तर त्याला केंद्र सरकारची (डीजीटीची) मान्यता आहे का, हे स्वतः तपासल्याशिवाय एक रुपया भरू नका.

त्यांचं वर्ष आपल्या कॅलेंडरवर चालत नाही

जुलैत कॉलेज सुरू होतं आणि त्याच वेळी आवणी असते, भात लावायला घरी माणूस पाहिजे, पोरगं पंधरा दिवस गायब. याला निष्काळजीपणा म्हणू नका, आधी प्राचार्यांशी बोलून ठेवा, हजेरीचं बघा.

त्याहून मोठा धोका दिवाळीनंतर. वसई, भिवंडी, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर कुटुंबंच्या कुटुंबं जातात, मालकाकडून पावसाळ्यात उचल घेतलेली असते, ती फेडायला पाऊस येईपर्यंत तिथेच राहायचं. लहान भावंडांना सांभाळायला मोठ्या मुलीला नेतात. या मुलांसाठी विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच भोंगा शाळा, म्हणजे झोपडीतल्या शाळा चालवल्या होत्या. त्याच्याही कितीतरी आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडला, आणि गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत म्हणून अनुताई शाळाच कुरणावर घेऊन गेल्या. या भागात शिक्षणाचं काम ज्यांचं टिकलं त्यांनी आधी लोकांचं वर्ष कसं चालतं ते समजून घेतलं. आपण एवढं तरी करू शकतो की दसऱ्याच्या सुमाराला फोन करायचा आणि सरळ विचारायचं, घरचे यंदा भट्टीवर जाणार आहेत का, तू कुठे राहणार, वसतिगृहात दिवाळीनंतर परत यायची सोय आहे का. उचल किती ते कळलं तर कधी कधी एवढ्याशा रकमेवर वर्ष अडलेलं असतं की जीव तुटतो. सगळ्यांची उचल आपण फेडू शकत नाही आणि फेडूही नये, पण धाकट्यांना आश्रमशाळेत घालून दिलं तर मोठीला भट्टीवर जायचं कारण उरत नाही. यासाठी गुरुजींची मदत घ्या.

बोलायचं कसं

फोनवर पहिलाच प्रश्न "मार्क किती पडले" नको. मेस लागली का, पास काढला का, कुठला विषय जड जातोय, घरी कोण आजारी नाही ना, असं विचारा. आश्रमशाळेत मराठी माध्यमातून शिकलेली पोरं फर्स्ट इयरला सगळं इंग्रजीत बघून गप्प होतात, विचारलं तर "हो ताई, समजतं" एवढंच म्हणतात. त्या "हो ताई"वर थांबू नका. तुमच्या ओळखीत कुणी रिटायर्ड शिक्षिका असेल तर तिला आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉलवर बसवा, ॲनाटॉमीचं एक पान घेऊन प्रत्येक शब्दाचा मराठीत अर्थ, उच्चार, मग पुन्हा इंग्रजीत. पहिले तीन-चार महिने हे झालं तर पुढे मुलं आपली आपण चालतात.

फोन लागला नाही म्हणून लगेच रागवायचं नाही. रिचार्ज संपलेला असतो नाहीतर पाड्यावर रेंज नसते. गृहपालांना नाहीतर गुरुजींना विचारा. आणि नापास झालं तर मदत थांबवू नका, हे सुरुवातीलाच तोंडाने सांगून ठेवा: "एखादा विषय राहिला तरी मी आहे, फक्त लपवू नकोस." हे न सांगितल्यामुळे पोरं शरमेने फोन बंद करून बसतात आणि मग भट्टीवर नाहीतर गवंड्याच्या हाताखाली सापडतात.

आभाराची पत्रं, चेक देतानाचे फोटो, वाढदिवसाला पाड्यावर जाऊन केक कापणं, हे कृपा करून नको. मुलाचा चेहरा, नाव, गाव असं काही स्टेटसला टाकू नका. अल्पवयीन मुलांना एकटं भेटायचं नाही, घरी राहायला बोलवायचं नाही, भेट शाळेत किंवा वसतिगृहात, गृहपाल समोर असताना. आपल्या मनात काही वावगं नसतं हे मला माहीत आहे, पण मुलांना कुणावर भरवसा ठेवायचा याची सवय आपल्या वागण्यातून लागते. आणि घरच्यांशी बोलताना आईबापाला अहोजाहो करा, "तुमच्या मुलीने काय करावं असं तुम्हाला वाटतं" हे त्यांना विचारा. लग्नाचा विषय निघालाच तर भांडू नका, मुलीचं काय म्हणणं आहे ते तिच्याकडून वेगळं ऐका, अठरा पूर्ण नसतील तर कायदा तिच्या बाजूने आहे आणि गृहपाल, अंगणवाडी ताई यांना लगेच सांगा.

मुंबईत शिकायला आलेली असेल तर पहिल्या आठवड्यात तिच्यासोबत एकदा लोकलने जा. लेडीज डबा कुठे येतो, विरार फास्ट आणि बोरिवली स्लो यात फरक काय, कॉलेजमधून कन्सेशन फॉर्म घेऊन पास कुठे काढायचा, रात्री उशीर झाला तर कोणाला फोन करायचा. डॉक्टर लागला तर महापालिकेचा दवाखाना जवळ कुठे आहे. कॉलेजच्या फॉर्मवर लोकल गार्डियन म्हणून सही करायला माणूस लागतो, ते तुम्ही व्हा. ज्यांचं इथे कुणीच नाही त्यांना हे किती मोठं वाटतं ते सही करताना त्यांच्याकडे बघितलं की कळतं.

कधी सुरू करायचं

जूनमध्ये नको, उशीर झालेला असतो. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, बारावीच्या परीक्षा संपल्या की सीईटी, मे महिन्यात निकाल, मग कॅप राउंड (प्रवेशाच्या केंद्रीय फेऱ्या), आणि कॅपमध्ये तारखा दिवसांच्या हिशोबात असतात, कागद नसला तर जागा गेली. त्यामुळे या आठवड्यात करण्यासारखं एकच काम सांगते. तुमच्या माहितीतल्या नाहीतर जवळच्या कुठल्याही एका आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांना फोन लावा आणि विचारा, अकरावीत असं कोण आहे ज्याची व्हॅलिडिटी अजून टाकलेली नाही, आणि का नाही टाकली. जे कारण सांगतील, बहुतेक वेळा तो एखादा कागद असतो नाहीतर तालुक्याच्या दोन-तीन फेऱ्या, तिथून सुरुवात करा, पैशाची आकडेमोड नंतर बसून करता येईल.